तेरा मिलिमीटरांचा इतिहास

“तू रस्त्यांवर पीएचडी करून राहिली ना? मंग सांग, कोणता टायर घेऊ?”

दादाचा हा फोन मागच्या ऑगस्टमधला. आदल्या रात्री आष्टी ओलांडून आलापल्लीकडे जाताना पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसला नाही. पुढचं डावं चाक आदळलं आणि टायरच्या भिंतीला बोटभर चीर पडली. टायरच्या तळव्यात खिळा घुसला तर पंक्चर काढता येतं. भिंत फाटली तर टायर फेकावाच लागतो. बाहेर पाऊस, दोन्ही बाजूंना जंगल, मोबाइलला रेंज नाही, आणि शेजारच्या सीटवर वहिनी. वहिनी एटापल्ली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. दर रविवारी संध्याकाळी दादा तिला चंद्रपूरहून सोडायला जातो. त्या रात्री स्टेपनी लावायला पाऊण तास लागला, तोही येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांच्या उजेडात. पुढचा सगळा रस्ता दोघं एकच विचार करत होते: आता दुसरा टायर गेला तर?

मी हसले. माझा विषय चांदा जिल्ह्यातले रस्ते आणि जंगल, तोही १८५४ ते १९४३. त्यात मोटारीचे टायर कुठून येणार? पण पुढच्या तीन आठवड्यांत त्या एका प्रश्नामागे जाताना मला स्वतःच्या प्रबंधाबद्दल जे कळलं, ते सहा महिन्यांच्या वाचनात कळलं नव्हतं. तुमच्यापैकी अनेक जण सध्या संशोधन आराखडा लिहीत असाल आणि “विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही” या टप्प्यावर अडकला असाल. म्हणून हा लेख. उदाहरण टायरचं आहे. अडचण तुमचीच आहे.

प्रश्न कुठे उभा आहे?

“सगळ्यात चांगला टायर कोणता?” हा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो. “महाराष्ट्रातील दळणवळणाचा इतिहास” हा विषयही ऐकायला बरोबरच वाटतो. दोन्हींत एकच खोट आहे: दोन्ही प्रश्न कुठेच उभे नाहीत. चांगला म्हणजे कुठे चांगला? किती ओझ्याखाली? कोणत्या ऋतूत? आणि टायर संपतो म्हणजे नेमका कशाने संपतो?

दादाची गाडी चार वर्षांची, टर्बो इंजिनाची हॅचबॅक. घरच्यांसाठी घेतलेली, पण दादाच्या हौसेने ‘स्पोर्टी’ मॉडेलची. त्या मॉडेलला सोळा इंची अलॉय व्हील्स आणि बुटक्या भिंतीचे टायर येतात. त्याने आधी नेहमीप्रमाणे मित्रांना विचारलं. एकाने एका कंपनीचं नाव घेतलं, दुसऱ्याने दुसरीचं. पुण्यात राहणाऱ्या चुलतभावाने तिसरंच सांगितलं आणि वर म्हणाला, “माझे पन्नास हजार किलोमीटर आरामात चालले.” खोटं कोणीच बोलत नव्हतं. पण चुलतभावाचा पुरावा पुण्याच्या रस्त्यावरचा होता, आणि आमचा प्रश्न कोठारी–गोंडपिंपरी–आष्टी–आलापल्ली–एटापल्ली या रस्त्यावरचा. दुसऱ्या ठिकाणचा पुरावा आपल्या ठिकाणी आणताना काय काय बदलतं, हे तपासल्याशिवाय तो वापरायचा नसतो. संशोधनात हे आपण मान्य करतो आणि घरी येऊन विसरतो.

बिलं हा सुद्धा अभिलेख

म्हणून पहिली गोष्ट मी दादाकडे मागितली ती म्हणजे जुनी बिलं. सुदैवाने तो सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवतो. त्याला वाटत होतं की “दर वर्षी टायर घासून जातात, म्हणून जास्त टिकणारा घेतला पाहिजे.” बिलं तारखेने लावली, तर चार वर्षांत सहा टायर बदललेले निघाले. त्यांतले नक्षी झिजून, गोटा होऊन गेलेले फक्त दोन. उरलेल्या चारही टायरांच्या भिंतीला चीर पडली होती किंवा फुगा आला होता. या चारपैकी तीन बिलं जुलै ते सप्टेंबरमधली.

इथे प्रश्न बदलला. “जास्त टिकणारं रबर कोणतं?” हा प्रश्न गळाला आणि “भिंत कशी वाचेल?” हा उरला. स्मरण आणि नोंद यांत फरक असतो, हे मौखिक इतिहासाच्या वर्गात शिकवतात. दादाची आठवण खोटी नव्हती. झिजलेला टायर रोज डोळ्यांना दिसतो, म्हणून तो लक्षात राहतो, इतकंच. मुलाखती घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, आणि मुलाखतीनंतर एकदा पिशवीही मागा.

भिंतीवर लिहिलेला दस्तऐवज

आता त्या भिंतीकडेच बघू. तिच्यावर लिहिलं होतं: १९५/५५ आर १६ ८७ व्ही. आपल्याला ही एक ओळ वाटते. खरं तर तीत वेगवेगळ्या काळांचे थर एकमेकांवर बसलेले आहेत.

१९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १६ म्हणजे ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! विचित्र वाटतं का? मग घरचा सातबारा आठवा. बोलताना आपण एकर आणि गुंठे म्हणतो, उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतं. जुनं माप कायद्याने गेलं तरी व्यवहारातून जात नाही. रिमचंही तेच झालं. मिशेलिन कंपनीने १९७५ मध्ये पूर्ण मिलिमीटरातल्या रिमचा टीआरएक्स नावाचा टायर आणला होता. तो साध्या इंची रिमवर बसत नसे. ग्राहकांनी नव्या मापासाठी जुनी चाकं टाकली नाहीत आणि ते माप मागे पडलं. इंच राहिला.

‘आर’ म्हणजे रेडिअल, त्याच्याकडे पुढे येऊ. ८७ हा ओझ्याचा सांकेतिक आकडा: एका टायरवर कमाल ५४५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. या वेगाच्या अक्षरांची यादी पाहिली तर एक गंमत दिसते. एस १८०, टी १९०, यू २००, मग अचानक एच २१०, आणि त्यानंतर व्ही २४०. इंग्रजी वर्णमालेत एच कितीतरी आधी येतो, मग तो इथे कसा? कारण जुन्या युरोपीय पद्धतीत एस, एच आणि व्ही असे तीनच मुख्य वर्ग होते. पुढे अधल्यामधल्या वेगांसाठी नवी अक्षरं भरली, पण जुनी तीन जागची हलवली नाहीत. दस्तऐवजात क्रम चुकलेला दिसला की लेखकाची चूक समजून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा तिथे जुना थर उघडा पडलेला असतो.

आता हा २४० चा आकडा आमच्या रस्त्यावर ठेवून बघा. द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादासुद्धा ताशी १२० आहे. म्हणजे हा टायर बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता तरी वेगळा रस्ता होता. इथून माझा प्रश्न इतिहासाचा झाला: टायर कोणता रस्ता गृहीत धरतो, आणि आमचा रस्ता तसा का नाही?

रबराआधीची धाव

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीच्या चाकाचे भाग आजोबांच्या तोंडी होते: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, त्यांना जोडणारे लाकडी पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. धाव चढवणं हा लोहाराच्या कसबाचा भाग. कडं चाकापेक्षा किंचित लहान करायचं, आगीत लाल करायचं, सांडशीने चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं चाक आवळून धरतं. इंग्रजीतला टायर हा शब्दही आधी याच लोखंडी कड्यासाठी होता. रबर नंतर आलं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा त्यातला एक जिल्हा झाला. आलापल्ली-अहेरीकडचं सागवान, धान, तेंदू, सगळ्याला जंगलातून बाहेर यायला बंडीच होती. पण ओझ्याने लादलेल्या बंडीची अरुंद धाव मातीचा रस्ता कापत जाते. पावसाळ्यात त्या चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि रस्ता नाल्यासारखा होतो. म्हणून त्या काळच्या कागदांत ‘फक्त कोरड्या हंगामातला रस्ता’ हा प्रकार वेगळा असतो. या कागदांत रस्ते मैलांनी मोजलेले सापडतात. चाकं कशी होती, धाव किती रुंद होती, हे शोधायला मात्र डोळे ताणावे लागतात. सरकार रस्ता बांधत होतं, म्हणून त्याने रस्ता मोजला. चाक रयतेचं होतं.

हवेचा टायर याच काळातला आहे. रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. चार्ल्स गुडइअरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून पक्कं करण्याची रीत शोधली होती, म्हणजे साहित्यही हाताशी होतं. तरी थॉमसनचा टायर चालला नाही. त्याला पेलणारं हलकं, वेगाचं वाहनच रस्त्यावर नव्हतं. पुढे सायकल आली आणि १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने तीच कल्पना नव्याने मांडली, तेव्हा ती जगभर गेली. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, नाव मात्र डनलॉपचंच राहिलं. “पहिला कोण?” या प्रश्नावर आपण प्रबंधाची पानंच्या पानं घालवतो. “तेव्हाच का चाललं?” हा प्रश्न बहुतेक वेळा जास्त कामाचा असतो.

एका सूत्रातलं जंगल

मोटारी आल्या आणि भारतातले खडी-मुरुमाचे रस्ते दोन्हीकडून मार खाऊ लागले. बंडीची लोखंडी धाव गिट्टीचा भुगा करायची आणि मोटारीचा वेगवान रबरी टायर तो भुगा उडवून न्यायचा. हा प्रश्न जिल्हा बोर्डांच्या खिशाबाहेरचा झाला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीचा अहवाल १९२८ चा. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर आणि १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आला. प्रांतांना या निधीतला वाटा पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळायचा. न्याय्य वाटतं ना? पण याचा अर्थ असा की जिथे मोटारी जास्त तिथे रस्त्याला पैसा जास्त, आणि जिथे रस्ता चांगला तिथेच मोटारी वाढणार. जिथे अजून बंडीच चालते त्या मुलखाने काय करायचं?

दुसरा कागद याहून महत्त्वाचा. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा तयार झाला. तोच ‘नागपूर प्लॅन’. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही विभागणी तिथली. मुख्य रस्त्यांची लांबी ठरवायला त्यात एक सूत्र दिलं होतं. शेतीच्या मुलखात दर पाच चौरस मैलांमागे एक मैल रस्ता. बिगरशेतीच्या मुलखात दर वीस चौरस मैलांमागे एक मैल. त्यात गावं आणि शहरांसाठी भर, आणि लोहमार्गाची लांबी वजा.

मी हे सूत्र तीन वेळा वाचलं होतं आणि टिपणवहीत ‘तांत्रिक’ असं लिहून पुढे गेले होते. दादाच्या फोननंतर चौथ्यांदा वाचलं, तेव्हा थांबले. जंगल म्हणजे बिगरशेती. म्हणजे तितक्याच क्षेत्रासाठी जंगलाच्या वाट्याला शेतीच्या एक चतुर्थांश रस्ता, आणि तोही कागदावरच्या आदर्श हिशोबात. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर शेतमाल बाजारात आणण्याचा प्रश्न होता आणि पैसा थोडा होता. पण नागपूरहून दीडशे किलोमीटरवर सुरू होणाऱ्या या मुलखाकडे तिथे बसलेल्यांनी ज्या चौकटीतून पाहिलं, ती चौकट त्या दोन आकड्यांत आहे. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आता याच सूत्रावर आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमिनीतून रस्ता काढायचा किंवा रुंद करायचा तर केंद्राची मंजुरी लागू लागली. जंगल राखायला या कायद्याने मोठा हात दिला, हेही तितकंच खरं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच्या वाट्याला रेल्वे स्टेशन आलं ते एकच, वडसा-देसाईगंज, तेही पार उत्तरेच्या टोकाला. एवढा मोठा जिल्हा, आणि त्याचं धान्य, औषध, पुस्तकं, एसटी, रुग्णवाहिका, सगळं रबरावर चालतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. गेल्या काही वर्षांत सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक त्याच अरुंद रस्त्यांवर आले. काही पट्टे आता काँक्रीटचे गुळगुळीत झालेत, त्यांच्याच पुढे खड्ड्यांचे पट्टे आहेत. दादा गुळगुळीत पट्ट्यावर वेग धरतो आणि खड्डा तिथेच वाट बघत असतो.

रेडिअलची भिंत

आता ‘आर’. प्रीमियर पद्मिनीच्या काळात, म्हणजे वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या यायच्या तेव्हा, टायरवर ५.२०-१४ असं लिहिलेलं असायचं. रुंदीही इंचांत आणि रिमही इंचांत. तो क्रॉस-प्लाय टायर. त्यातले धागे एकमेकांना तिरके छेद देत भिंतीतून तळव्यापर्यंत जातात. भिंत जाड आणि ताठ. रेडिअलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि तळव्याखाली पोलादी पट्टा असतो. मिशेलिनने त्याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं. रेडिअल कमी तापतो, सावकाश झिजतो, रस्ता चांगला धरतो. त्याची भिंत मात्र पातळ आणि लवचीक असते.

भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडिअल आणला. मोटारींनी तो हळूहळू स्वीकारला, पण ट्रकवाले पुढे कित्येक वर्षं जुन्याच टायरला चिकटून राहिले. आपण याला सहज ‘मागासलेपण’ म्हणून टाकतो. पण त्यांचा हिशोब साधा होता: जादा माल, फुटके रस्ते, आणि टायर झिजला की त्यावर पुन्हा रबर चढवून आणखी एक जन्म काढायचा. या वापरात जाड भिंतच कामाची. तंत्रज्ञान नाकारणाऱ्या माणसाला अडाणी ठरवण्याआधी त्याचा रस्ता बघून यावा.

पुढे मोटारींच्या टायरांची भिंत बुटकी होत गेली. ८० टक्क्यांवरून ७०, ६५, ५५. बुटकी भिंत वळणावर कमी झुलते, स्टिअरिंगला लगेच उत्तर देते आणि मोठी रिम दिसायला देखणी असते. गुळगुळीत रस्त्यावर हे सगळे फायदेच. पण खड्ड्याच्या कडेवर आदळताना रिम आणि दगड यांच्यामध्ये जी हवा असते, ती याच भिंतीच्या उंचीइतकी. ती कमी पडली की भिंत दोघांच्या मध्ये चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. चीर किंवा फुगा येतो तो असा.

निर्णय

मग आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही करून बघा.

सध्याचा टायर १९५/५५ आर १६. भिंत १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर. पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२१.

पहिला पर्याय, त्याच रिमवर १९५/६०. भिंत ११७ होते, पण व्यास ६४० वर जातो, तीन टक्क्यांहून जास्त. चाक आत घासण्याची भीती, आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. बाद.

दुसरा, २०५/५५ आर १६. भिंतीला जेमतेम साडेपाच मिलिमीटर मिळतात. एवढ्यासाठी रुंद टायर नको.

तिसरा, १८५/६५ आर १५ ८८ एच. गाडीच्या साध्या मॉडेलला कंपनी स्वतः हेच माप देते. भिंत १२० मिलिमीटर, व्यास सुमारे ६२१.५, म्हणजे जवळजवळ तोच. रिम एक इंचाने लहान होते आणि ती जागा हवेला मिळते. एका बाजूला तेरा मिलिमीटर. ८८ म्हणजे ५६० किलो, ओझं आधीपेक्षा थोडं जास्तच. एच म्हणजे ताशी २१०, तोही आमच्या गरजेच्या कितीतरी वर. शिवाय साधी स्टीलची रिम आदळली तर बहुधा वाकते आणि ठोकून सरळ करता येते.

आम्ही तिसरा निवडला. पाचही चाकं एकाच मापाची, स्टेपनीसकट. आधी सर्व्हिस सेंटरमधून हे माप आपल्या ब्रेकवरून बसतं याची खात्री करून घेतली. असा बदल तुम्ही करणार असाल, तर कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापाबाहेर जाऊ नका. विम्याचा दावाही त्यावर अडू शकतो.

फुकट काहीच मिळालं नाही. दादाची देखणी अलॉय व्हील्स आता माळ्यावर आहेत. घाटातल्या वळणावर गाडी थोडी झुलते, असं तो म्हणतो, आणि ते खरंही असणार. संपूर्ण आठवडा नागपूर–चंद्रपूर महामार्गावर घालवणाऱ्या माणसाला मी हा सल्ला दिला नसता.

दुकानात एक प्रसंग घडला तोही सांगते. दुकानदाराने नवे कोरे टायर काढले. मी भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारपैकी दोन टायर चार वर्षांपूर्वी बनलेले निघाले. “गोडाऊनमध्ये होते, वापरलेले नाहीत,” तो म्हणाला. पण रबर नुसतं पडूनही म्हातारं होतं. आम्ही बदलून घेतले. दस्तऐवज हातात आला की आधी तारीख बघायची, ही सवय पहिल्या वर्षी गाईडनी लावली होती. ती टायरच्या दुकानात कामाला आली.

आणि एक गैरसमज. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला की पंक्चरवाले सांगतात, “हवा कमी ठेवा, नाही तर फुटेल.” उलट आहे. टायरला तापवणारी मोठी गोष्ट म्हणजे भिंतीचं सतत दुमडणं, आणि हवा कमी असली की भिंत जास्त दुमडते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत जो आकडा लिहिलाय तितकी हवा, सकाळी, गाडी थंड असताना भरा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला, पावसाळा समोर असेल तर त्याच्याही आधी.

तुमच्या आराखड्यासाठी

आता दहा महिने झाले. एकाही टायरची भिंत गेलेली नाही. “म्हणजे सिद्ध झालं!” असं दादा म्हणतो. मी म्हणत नाही. या दहा महिन्यांत अख्खा पावसाळा आलेला नाही, आणि चारपैकी तीन टायर पावसाळ्यातच गेले होते. मधल्या काळात आष्टीच्या पुढचा एक पट्टा दुरुस्तही झाला. हे दोन्ही घटक मी वेगळे काढू शकत नाही. तुमच्या आराखड्यात अशी जागा येईल, तेव्हा ती झाकू नका. मार्गदर्शकाच्या आधी तुम्हीच तिच्यावर बोट ठेवा.

या आठवड्यासाठी एक काम देते. तुमच्या घरातल्या, शेजारच्या किंवा एसटी स्टँडवरच्या कोणत्याही वाहनाचा टायर वाचा. प्रत्येक आकड्यासमोर लिहा: हे माप कोणाच्या सोयीचं, कधीचं, आणि ते कोणता रस्ता गृहीत धरतं? मग तुमच्या विषयातला एखादा रटाळ ‘तांत्रिक’ कागद काढा, जो तुम्ही तीन वेळा वाचून बाजूला ठेवलाय, आणि त्याला हेच तीन प्रश्न विचारा.

हा लेख पाठवण्याआधी वहिनीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “टायरचं ठीक आहे गं. पण त्या रात्रीपासून हे हळू चालवून राहिले, ते कुठं लिहिलं तू?”

तेही लिहिलं. तिसरा घटक म्हणून.